फ्रीजरमधल्या बाटल्या

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि ह्यांची उदगीरहून नव्या कलेक्टर कचेरीत बदली झाली. भाड्याच्या दोन खोल्या, अंगणात एक नळ. त्या दुष्काळी उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. एकदा पहाटे, मग तीन-चार दिवसांनी भर दुपारी. म्हणून घरात कुणीतरी थांबायलाच हवं, आणि ते कुणीतरी मीच. सासूबाईंचे गुडघे गेलेले, घागर उचलवत नसे. हे टँकरच्या कामाला जळकोटकडच्या खेड्यांत. नांदेडला बी. एस्सी., बी. एड. केलेली मी दिवसभर उंबऱ्यात बसून नळाकडे बघायची. बाजाराला निघाले तरी अर्ध्या वाटेतून परतायची. वडील आजारी होते, तेव्हाही माहेरी जाता आलं नाही.

मे महिन्यात शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. शाळा लातुरातच निघणार होती, पण मुलाखत संस्थेच्या नांदेडच्या कचेरीत होती. मी घरात नुसतं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. एका दिसाचं मी बघते."

पिण्याचं पाणी तेवढं माठातलं उरलं होतं, आणि माठ तर निम्मं पाणी झिरपूनच घालवायचा. म्हणून मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी साडीला इस्त्री करत होते तेव्हा त्यांनी माठ रिकामा करून सरबताच्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, बुचं घट्ट लावली आणि आमच्या जुन्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये आडव्या ठेवल्या. बर्फ सावकाश वितळेल, दिवसभर पुरेल, असा त्यांचा हिशोब. मला यातलं काही माहीत नव्हतं.

सकाळी साडी नेसून मी पाण्यासाठी माठात वाटी घातली, तर माठ कोरडा. सासूबाईंनी फ्रीजर उघडला. सगळ्या बाटल्या फुटल्या होत्या. बर्फाला काचा चिकटलेल्या.

"कुणी हातबी लावला न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग फुटल्या कशानं?"

"पाणी गोठलं की फुगतं, आत्याबाई. त्याला जास्त जागा लागते. बाटलीत जागाच नव्हती."

"फडक्यानं गाळून घेते मी. तू नीघ, गाडी जाईल."

"काचेचा बारीक कण गाळून निघत नाही. पोटात जाईल."

त्या फ्रीजसमोर खाली बसल्या. मी शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून आणलं. तिच्याकडेही देण्याजोगं तेवढंच होतं. मग साडी बदलली आणि उंबऱ्यात जाऊन बसले. बस गेली असेल, मुलाखत सुरू झाली असेल, असं मनात येत राहिलं. दुपार कलली. नळ त्या दिवशी आलाच नाही.

हे परत आले तेव्हा हात-पाय धुवायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "गावागावाला पाणी धाडून राहिलास. घरात तुझी बायको त्या नळाला बांधल्यावानी हाय. फुडल्या बोलावण्याला ती जाणार. त्या दिशी तू रजा टाक."

ह्यांनी मान डोलावली. मला ते खरं वाटलं नाही.

पण पुढचं बोलावणं आलं तेव्हा हे खरोखर बनियनवर नळापाशी बसले. नोकरी मिळाली. शाळेतून पहिल्यांदा घरी येताना मी उगाच लांबच्या रस्त्यानं आले.