टेलची तक्रार

इन्स्पेक्टर आंघोळीला जातानाही गळ्यातली शिट्टी काढत नसत. ते पोलिसातले नव्हते. सोलापूरकडच्या एका कालव्यावर चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होते आणि माझे सासरे होते. निवृत्तीनंतर ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी पहिल्याच भेटीत त्यांना इन्स्पेक्टर करून टाकलं. मीही त्यांच्या माघारी तेच म्हणायचो. तोंडावर अर्थातच बाबा. ते मात्र मला माझ्याच घरात ‘पाव्हणं’ म्हणत. घर माझं, फ्रीज माझा आणि पाहुणाही मीच.

कालवा जिथे सुरू होतो ते मुख आणि जिथे संपतो ते टेल. जगातल्या सगळ्या गोष्टींना ही दोन टोकं असतात, असं इन्स्पेक्टर मानत. मुखाजवळचे लोक पोटभर पाणी घेतात, मधले डोंगळे टाकतात, म्हणजे कालव्यात पाइप सोडून पाणी चोरतात, आणि टेलवाले आपल्या शेताकडे येणारा पाट, म्हणजे चारी, रिकामी बघत बसतात. म्हणून आमच्याकडे कुणी जेवायला आलं की ते वाढायला सुरुवात पंगतीच्या शेवटच्या माणसापासून करत. एकदा माझे जर्मन बॉस आले होते. त्यांना मानाने टेबलाच्या पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं, तर त्यांच्या वाट्याला श्रीखंडाचं भांडं आलं ते जवळजवळ खरवडून. इन्स्पेक्टर मला शांतपणे म्हणाले, “मुखाला कमी पडलं तरी बोंब हुत न्हाई. टेलला पोचलं का, एवढं बघायचं.”

मी त्या काळात सायकलवेडा होतो. कार्बनची सायकल, हातात वेग मोजणारं घड्याळ आणि अंगाला चिकटून बसणारे कपडे. पहिल्या रविवारी मी तो सगळा साज चढवून निघालो, तेव्हा इन्स्पेक्टर दारात चहा पीत उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काळजीने म्हणाले, “पाव्हणं, वरनं कपडे घालायचे ऱ्हायलेत.” मग त्यांनी वैशालीची, म्हणजे माझ्या बायकोची, पुढे टोपली असलेली लेडीज सायकल काढली, पँटच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि माझ्याबरोबर माइन नदीच्या काठाने निघाले. त्यांचा वेग ताशी नऊ किलोमीटर. माझ्या घड्याळाला वाटलं मी थांबलोय, आणि त्याने तीनदा मोजणी बंद केली. मी म्हटलं, “बाबा, जरा जोरात येता का?” ते म्हणाले, “जोरात गेलं की पाझर दिसत न्हाई.” नोकरीभर ते अशीच सायकल मारत कालव्याच्या भरावावरून गेले होते. पाणी कुठे झिरपतंय ते बघत.

नदीकाठी पाण्याची उंची दाखवणारी पट्टी असते. ती सापडल्यावर मग काही विचारू नका. रोज सकाळी ते तिथे जाऊन आकडा डायरीत लिहीत आणि मला ऑफिसात फोन करत. “चार बोटं पाणी उतरलंय, पाव्हणं. कुणाला कळवायचं?” मी म्हणायचो, “कळवायची गरज नाही, बाबा.” “असं कसं? कुणाला तरी कळवायलाच पाहिजे की.” शेवटी मी स्वतःलाच संबंधित अधिकारी नेमलं. ते कळवत आणि मी मीटिंगमधून बाहेर येऊन “नोंद घेतली” असं म्हणत असे. दोघांचाही दिवस बरा जायचा.

त्या डायरीत शेवटचा रकाना तक्रारींचा होता. एकदा मी मागची पानं चाळली, तर दर उन्हाळ्यात एकच नोंद. ‘तक्रारदार: सौ. शांताबाई. विषय: टेलला पाणी न पोचणे. शेरा: प्रलंबित.’ शांताबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर नेमकं टेलवर. दर उन्हाळ्यात त्या नवऱ्याला जेवायला वाढता वाढता म्हणत, “माझ्या भावाची चारी कोरडी हाय.” इन्स्पेक्टर हात धुऊन तक्रार लिहून घेत. चारीचं दार उघडायची चावी त्यांच्याच खिशात असायची, पण पाण्याची ठरलेली पाळी सोडून त्यांनी एकदाही ते उघडलं नाही. मेहुण्याने बोलणं टाकलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हाही तो रकाना तसाच होता. हे मला सांगताना ते हसत होते, पण डायरी त्यांनी माझ्या हातातून लगेच काढून घेतली.

“मला एकदा भरलेल्या कालव्याची टेल बघायची हाय,” ते म्हणाले. “हितं तरी पोचत असंल.”

म्हणून मी रजा काढली आणि आम्ही माइन-डोनाव कालव्याच्या काठाने निघालो. बांबेर्ग ते केलहाइम, पावणेदोनशे किलोमीटर. माझ्या हिशेबाने दोन दिवस, ताशी नऊच्या हिशेबाने सहा. काठाने वाटेत भेटेल त्याला इन्स्पेक्टर “जय भीम” करत आणि समोरचा “मॉर्गेन” म्हणून पुढे जाई. एक म्हातारं जर्मन जोडपं रोज आम्हाला कुठे ना कुठे भेटायचं. चौथ्या दिवशी त्या आजींनी लांबूनच हात वर करून “जय भीम” म्हटलं. इन्स्पेक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते “मॉर्गेन” म्हणाले.

शिट्टी वाजली ती त्याआधी, दुसऱ्याच दिवशी. एक धिप्पाड गृहस्थ कालव्याच्या पायरीवर बसून कुत्र्याला शाम्पू लावत होता. कालव्यात जनावरं धुवायला मनाई, हा इन्स्पेक्टरांच्या हाडात भिनलेला नियम. त्यांनी सायकल लावली, शिट्टी फुंकली आणि डायरी उघडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो गृहस्थ उठून उभा राहिला, माफी मागितली आणि न मागता ओळखपत्र काढून पुढे केलं. इन्स्पेक्टरांनी नाव नीट उतरवून घेतलं, “पुन्हा करू नगा,” असं मराठीत बजावलं आणि कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, हे कोणत्या खात्याचे? मी म्हटलं, पाटबंधारे. तो गंभीरपणे “आल्झो, जा” म्हणाला, म्हणजे ‘अच्छा, बरोबर’.

खरा घोटाळा पुढे झाला. या कालव्यावर श्लॉयझ आहेत, म्हणजे बोटी वरखाली करणारे प्रचंड दरवाजे. प्रत्येक श्लॉयझला आम्ही चढत होतो. “चढतोय म्हंजी मुख पुढं हाय,” इन्स्पेक्टर म्हणाले. “आपण टेलकडनं निघालो जणू.” हिल्पोल्टश्टाइनच्या पुढे सर्वांत उंच जागी पोचलो आणि तिथे धरण नाही, मोठी नदी नाही, काही नाही. नुसता भरलेला कालवा, आणि पुढे पलीकडे उतरत गेलेला. दोन्हीकडे टेल आणि मधे मुखच नाही. शिवाय दोन्ही काठांवर एक चारी नाही, एक डोंगळा नाही. “पाणी कुणीच घेत न्हाई?” “नाही बाबा, बोटी जातात.” “आन् येतंय कुठनं?” ते मलाही माहीत नव्हतं. ते बाकावर बसले, डायरी उघडली आणि लिहायला काही सुचेना. डबा उघडून दिला तर म्हणाले, भूक नाही. चौतीस वर्षं ज्या शास्त्रावर काढली तेच कुणी खोटं ठरवावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला त्या कालव्याचा अतोनात राग आला.

उत्तर केलहाइमला मिळालं. शेवटच्या श्लॉयझपाशी एक माहितीफलक होता. मी वाचला आणि पुन्हा वाचला. डोनाव नदीचं पाणी इथून पंपांनी वर चढवतात, श्लॉयझमागून श्लॉयझ, थेट माथ्यापर्यंत. तिथून ते पलीकडच्या कोरड्या मुलखाला सोडतात.

“म्हंजी टेलची माणसं वरच्यास्नी पाणी देत्यात?”

“गेनाऊ,” मी सवयीने म्हणालो. “म्हणजे, हो बाबा. अगदी तेच.”

“परत वाचा.”

मी तिसऱ्यांदा वाचला. इन्स्पेक्टरांनी फलकावरचे बाण बोटाने खालून वर गिरवले. मग म्हणाले, “पाव्हणं, तुमची बाटली रिकामी करा.” सायकलच्या बाटलीत मी ताकदीची पावडर घातलेलं पाणी होतं. त्यांनी ते गवतात ओतलं, पायऱ्या उतरून बाटली विसळली आणि डोनावच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरली.

विमानाच्या बॅगेत ती बाटली स्वेटरात गुंडाळून गेली. वैशाली म्हणाली, “बाबा, पाणी कोण नेतं? लोकांसाठी चॉकलेटं तरी न्या.” ते म्हणाले, “चॉकलेट सगळ्यांस्नी पोचतं.” विमानतळावर आत जाताना ते वळले आणि मला म्हणाले, सकाळचा आकडा आता तुम्हीच घ्या. मला हसू आलं नाही.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. ते सासुरवाडीला गेले होते, कालव्याच्या शेवटच्या चारीवर. मेहुण्याला हाक मारून उभं केलं आणि त्याच्यासमोर बाटली ओतली.

“पुढे?” मी विचारलं.

“दोन हातभी गेलं न्हाई. जिरलं.”

“मामा काय म्हणाले?”

“तीस वर्षांनी तोंड उघडलं गड्यानं. म्हणला, आता फुडची पाळी कधी?”

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोलवायचं ठरलं होतं. तिकीट काढायच्या आधीच ते झोपेत गेले. वैशालीने त्यांची शिट्टी ठेवून घेतली, डायरी माझ्याकडे आली. मी अजून सायकल मारतो, लेडीज, टोपलीची, माइनच्या काठाने. वेग किती ते विचारू नका, पाझर सगळे दिसतात. पट्टीवरचा आकडाही रोज उतरवतो. कळवायला मात्र कुणी नाही, आणि ते रोज सकाळी नव्याने खुपतं.

डायरीतली त्यांची शेवटची नोंद चारीत बाटली ओतली त्या दिवसाची आहे. अक्षर नेहमीसारखं सरळ, आणि सासूबाईंच्या नावामागचा ‘सौ.’ त्यांनी तेव्हाही बदललेला नाही. ‘मुख: डोनाव नदी. टेल: पाणी पोचले. तक्रारदार: सौ. शांताबाई. शेरा: तक्रार निकाली.’