पालखीचा पहिला खांदा

देवीवर माझी श्रद्धा होती की नाही, हे त्या शिमग्यापर्यंत मला ठाऊक नव्हते. दादाविषयीचा मत्सर मात्र पक्का ठाऊक होता. माझा हा थोरला भाऊ फौजेतून दोन वर्षांनी रजेवर आला आणि गाव त्याच्याभोवती गोळा झाले. "किती लोळवलेस रे?" म्हातारे विचारीत, तो हसून विडी पुढे करी. गावच्या विहिरीसाठी मी देवरूखहून पत्रके छापून आणली, घरोघर वाटली, कचेरीसमोर उपाशी बसलो. त्यावर काकी म्हणाली, "तू कागद वाटतोस, तो देश राखतो. फरक हाय, मेल्या!" गेल्या वर्षी ग्रामदेवीच्या पालखीचा पहिला खांदा मला मिळाला होता. यंदा तो गावकीने दादाला दिला. आईसुद्धा म्हणाली, "त्याला शोभेल." ते शब्द माशाच्या काट्यासारखे घशात अडकले.

पालखीच्या दिवशी सकाळीच मी देवळात गेलो. काय मागणार होतो ते लिहायला लाज वाटते: दादाची रजा रद्द व्हावी. पण आमच्याकडे गाऱ्हाणे मनातल्या मनात घालत नाहीत. गुरव ते देवीला मोठ्याने सांगतो आणि हजर असेल त्याने होकार भरायचा. गुरवकाकांना हे कसे सांगावे, या विचारात मी खांबाशी बसलो होतो. तेवढ्यात दादा नारळ घेऊन आला. मला पाहून थबकला, पण परतला नाही. काकांच्या कानाशी बराच वेळ बोलला.

"आई म्हाराजा," काकांनी हात जोडले, "फौजेची गाडी दरीत गेली तेव्हा ह्या तुझ्या लेकराचा उजवा खांदा मोडलाय. घरात बोलला नाय. तुझा भार त्याला पेलायचा नाय, नि नको म्हणायला तोंड नाय. गावाला धडधाकट फौजी हवाय, म्हाराजा. त्याची लाज राख."

काका थांबले. देवळात होकार भरायला मी एकटाच होतो. दादा जमिनीकडे बघत होता. माझी जीभ उचलेना. मग आवाज आला तो माझाच, पण मी काढला असे आजही वाटत नाही.

"होय म्हाराजा!"

बाहेर आल्यावर दादा एवढेच म्हणाला, "आयशीला बोलू नको हां."

"तू दांड्याला नुसता हात लाव," मी म्हटले.

दुपारी त्याला लागूनच मी दांड्याखाली खांदा घातला. ढोल तापले, पालखी नाचू लागली आणि त्याच्या वाटचा भार माझ्यावर आला. आरोळ्या त्याच्याच नावाच्या होत्या. "बघा, फौजीचा खांदा!" काकी ओरडली. ते मला टोचले, खोटे कशाला बोलू? पण मी वर पाहिले तेव्हा दादा दातांखाली ओठ धरून रडू आवरत होता, आणि मला बाजूला व्हावेसे वाटले नाही.

त्या सकाळी देवीने मला माझे मागणे उच्चारूच दिले नाही. दिले असते, तर आयुष्यभर त्या शब्दांखाली दबून राहिलो असतो. तिच्यापुढे आता मी जातो तेव्हा काही मागत नाही. हात जोडतो, आणि तिला जे वाटेल त्याला हो म्हणतो.