रंगाचा शेवटचा हात

१० जून २०१९ या तारखेपर्यंत डुएन ओल्शेव्स्कीने आपल्या जुन्या गाडीच्या बॅटरीचं चार्जिंग दुरुस्त करण्यावर २,३१८ डॉलर ४७ सेंट खर्च केले होते, आणि गाडी चार्ज होत नव्हती. हा आकडा त्याचाच. सगळ्या पावत्या त्याने तारीखवार लावून प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्या आहेत आणि प्रदर्शनाच्या दिवशी तो त्या गाडीशेजारी टेबलावर मांडतो. परीक्षक त्या वाचतात. पावत्यांना दोन गुण असतात.

डुएन माझा शेजारी. फ्लिंट शहराच्या बाहेर आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये कमरेएवढं कुंपण. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तो मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात लागला आणि एकतीस वर्षांनी त्याच खात्यातून निवृत्त झाला. या काळात त्याच्या हाताखालून किती गाड्या गेल्या याचा त्याने हिशेब केला नाही, पण रंगाचा ओघळ आलेली प्रत्येक गाडी त्याच्या लक्षात आहे. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तो समोरच्या बाकाचं पॉलिश पाहतो. आमच्या घराला मी रंग दिला तेव्हा तो कुंपणापाशी आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि "हवामान तरी चांगलं आहे" एवढंच बोलून परत गेला.

त्याची गाडी सत्तर सालची. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडर आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरतील असा आवाज. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात त्या नावांवरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं आहे. लग्नाच्या वेळी डुएनकडे अशीच गाडी होती. पहिला मुलगा क्रेग झाल्यावर ती विकून त्याने मागे पाळणा मावेल अशी गाडी घेतली आणि पुढची तीस वर्षं बायकोला त्याची आठवण करून दिली. निवृत्तीनंतर ओहायोतल्या एका गोठ्यातून गंजलेला सांगाडा आणला आणि नऊ वर्षं खपून त्याची गाडी केली.

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात गाडी चांगली असून भागत नाही, ती कारखान्यातून निघाली तशीच असावी लागते. टायरवरची अक्षरं तशीच, नळीवरच्या चिमट्याची दिशा तशीच. त्या वेळी कारखान्यात घाई असायची, त्यामुळे दाराच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ यायचा. म्हणून आता तो ओघळही हवा. ज्या ओघळाबद्दल १९७० साली फोरमनने डुएनचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता, तोच ओघळ डुएनने पन्नाशी उलटल्यावर तीन केसांच्या कुंचल्याने चार दिवस बसून मुद्दाम रंगवला. त्याला दीड गुण मिळाला.

या गाडीत त्याची बायको मार्लीन एकदाही बसलेली नव्हती. सीटवर प्लास्टिक होतं. गाडी प्रदर्शनाला ट्रेलरवर चढून जायची, ट्रेलरवरून उतरायची, हिरवळीवर चाळीस पावलं चालायची आणि बक्षीस घेऊन परत ट्रेलरवर चढायची. चाळीस पावलांत चार्जिंग नसल्याचं कोणाला कळणार? घरी आल्यावर डुएन बॅटरीला भिंतीतली वीज जोडून ठेवायचा. फोनला लावतात तशी.

प्रश्न निघाला तो क्लबच्या नाताळच्या जेवणात. मार्लीन म्हणाली, "पुढच्या जूनमध्ये मी सत्तर वर्षांची होते. माझी बहीण ओस्कोडाला तळ्याकाठी राहते, सव्वाशे मैल. मला वाढदिवसाला या गाडीतून तिच्याकडे जायचंय."

डुएनने दोन ग्लास बीअर घेतली होती. तो उठून म्हणाला, "नेईन! आणि नाही नेलं तर त्या ॲरिझोनावाल्याला विकून टाकीन!"

ॲरिझोनाचा एक दंतवैद्य दर वर्षी त्याला गाडीसाठी पत्र लिहायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मी क्लबचा चिटणीस आणि खजिनदार आहे. क्लबच्या बैठकीत, मग ती जेवणाची का असेना, झालेलं बोलणं इतिवृत्तात यावं असा नियम आहे, म्हणून मी ते लिहून घेतलं. फेब्रुवारीत इतिवृत्त वाचून मंजूर झालं. डुएननेही हात वर केला. मला वाटतं तो ऐकत नव्हता.

मार्चपासून त्याने गाडी रस्त्यावर काढायला सुरुवात केली आणि दर वेळी ती दोरीने ओढत परत आणावी लागली. डॅशबोर्डवर एक काटा असतो. तो उजवीकडे कलला की बॅटरीत वीज जाते आहे, डावीकडे कलला की बॅटरीतली वीज संपते आहे. डुएनचा काटा गाडी सुरू झाली की डावीकडे जायचा आणि तिथेच राहायचा. त्याने आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बदलला. साधा दुकानातला चालणार नव्हता. गाडी तयार झाली त्याच्या आधीच्या महिन्याचा शिक्का असलेला हवा होता, तो टेनेसीतून आला. मग एकामागून एक तीन रेग्युलेटर बदलले. अल्टरनेटरने किती वीज द्यायची हे रेग्युलेटर ठरवतो, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर बसतो आणि पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडा लहान असतो. मग सगळ्या तारा बदलल्या. मग काटाच बदलला. नवा काटाही डावीकडे गेला, फक्त जास्त दिमाखात.

११ जूनला, वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, मार्लीनने अर्लिस टकरला बोलावलं. अर्लिसने चाळीस वर्षं स्टार्टर आणि अल्टरनेटर दुरुस्त केले, आता गुडघ्यांमुळे घरी असतो. क्लबात तो नाही. त्याच्या मते आमचा क्लब म्हणजे न चालणाऱ्या गाड्यांचा वृद्धाश्रम. तो आला, खुर्ची मागितली, बॉनेटखाली डोकं घातलं आणि रेग्युलेटरच्या मागे बोट फिरवलं.

"काय झालं?" डुएनने विचारलं.

"काही नाही. इतकं स्वच्छ इंजिन बघितलं की टोपी काढावीशी वाटते. रेग्युलेटरच्या मागेही रंग दिलायस?"

"तीन हात."

"आणि स्क्रूच्या भोकांच्या आत?"

"आतही. तिथूनच गंज सुरू होतो."

अर्लिसने पिशवीतून दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर काढली. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, दुसऱ्याने रेग्युलेटरच्या कोपऱ्याचा रंग खरवडला आणि तिथे तो लावला. डुएनने श्वास आत ओढला तो मला कुंपणापर्यंत ऐकू आला.

"आता चालू कर."

गाडी सुरू झाली. काटा डावीकडे गेला, थबकला आणि उजवीकडे आला.

"अर्थिंग नाही, बाबा," अर्लिस म्हणाला. "रेग्युलेटरला परतीची वेगळी तार नसते. त्याचं अंग गाडीच्या पत्र्याला टेकतं, उघड्या लोखंडाला उघडं लोखंड, बस. तू मध्ये एवढा रंग घातलास की विजेला दारच नाही राहिलं."

"कारखान्यातही रंग देतच होतो आम्ही!"

"देत होतात, पण घाईत. भोकाच्या आत हात पोचायचा नाही. तुम्ही नीट काम करत नव्हता म्हणून गाड्या चालायच्या."

डुएन खुर्चीवर बसला. एकतीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्याला कोणी असं सांगितलं नव्हतं.

अर्लिसने सुचवलं, "ही वायर अशीच राहू दे. दोन डॉलरचं काम आहे."

"कारखान्यातून अशी वायर येत नव्हती. तीन गुण जातील."

"मग स्क्रूखालचा रंग खरवड."

"माझा रंग?"

"नाही, माझा," मार्लीन म्हणाली. "डुएन, चार दिवस आहेत. खरवड, नाहीतर दंतवैद्याला फोन लाव. नंबर फ्रिजवर आहे."

त्याने खरवडलं. त्या कामाला एक अख्खा दिवस लागला. कारखान्यातला पांढरा अंगरखा घातला, भोकांच्या भोवती मास्किंग टेप लावून नाण्याएवढी दोन वर्तुळं केली आणि पॉलिश पेपरच्या बोटभर तुकड्याने तेवढाच रंग काढला. मार्लीन दोनदा कॉफी घेऊन आली.

"क्रेग याच्यापेक्षा लवकर झाला होता," ती मला कुंपणावरून म्हणाली. "आणि तो उलटा होता."

संध्याकाळी अर्लिसने येऊन पाहिलं. काटा उजवीकडे. डुएनने गाडी चर्चपर्यंत नेऊन आणली. आम्ही टाळ्या वाजवल्या. १५ जूनला शनिवारी सकाळी नऊ वाजता त्याने स्वतः सीटवरचं प्लास्टिक काढलं आणि दोघं निघाली.

पुढची हकिकत मी दोघांकडून वेगवेगळी ऐकली. मजकुरात फरक नाही, आवाजाच्या पट्टीत आहे.

बे सिटीच्या पुढे तळ्यावरून धुकं आलं. डुएनने दिवे लावले. पाच मिनिटांनी रेडिओ बंद केला.

"अरे, गाणं चालू होतं!"

"रस्त्याकडे लक्ष राहत नाही."

मग पंखा बंद केला. मार्लीनने काच खाली केली, केस उडाले, तिने तेही सोसलं. मग धुकं पातळ झाल्याबरोबर त्याने दिवे बंद केले आणि ती त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ते तोंड तिने ओळखीचं करून घेतलं होतं. तिने वाकून काटा पाहिला. काटा डावीकडे होता.

"कधीपासून?"

"घरापासून."

"म्हणजे ऐंशी मैल तू मला काही सांगितलं नाहीस?"

"तुझा वाढदिवस आहे."

इंजिन एकदा खोकलं. पुढे रस्त्याच्या कडेला एक टेबल दिसलं, वर छत्री, टेबलावर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या, माणूस नाही. आमच्याकडे शेतकरी माल मांडून पेटी ठेवून जातात, गिऱ्हाईक पेटीत पैसे टाकतं. डुएनने गाडी तिथे उभी केली, पण इंजिन चालू ठेवलं. बंद झालं असतं तर पुन्हा सुरू झालं नसतं.

मार्लीनने अर्लिसला फोन लावला. अर्लिस एवढंच म्हणाला, "परवापर्यंत चार्ज होत होती ना? त्याला विचार, परवानंतर काय केलं."

"डुएन, परवानंतर काय केलंस?"

डुएनने बॉनेट उघडलं, आत पाहत राहिला आणि आत पाहतच बोलला. "उघडं लोखंड होतं, मार्लीन. तळ्याकाठची दमट हवा. एका उन्हाळ्यात गंजलं असतं."

"काय केलंस?"

"एकच हात. बिनरंगी लॅकर. अगदी पातळ. स्क्रूलाही. दिसतसुद्धा नाही."

फोनमधून अर्लिसचं हसणं तिला ऐकू येत होतं. तिने फोन बंद केला. डुएनच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच. तिने हात पुढे केला.

"मी करतो," तो म्हणाला.

"तू केलंस की पुन्हा सुंदर होईल. दे."

तिने एक स्क्रू काढला, पर्समधली नखं घासायची कानस घेतली आणि घासायला लागली. टेप नाही, वर्तुळ नाही. लॅकर गेलं, शेजारचा रंग गेला, रेग्युलेटरच्या कानावर, म्हणजे स्क्रू बसतो त्या पट्टीवर, चार ओरखडे पडले. मग स्क्रूचे आटे घासले. इंजिन आचके देत होतं. डुएन पाठ करून स्ट्रॉबेरीकडे तोंड करून उभा होता; त्या आवाजाने आपल्या दाढेत कळ येत होती असं तो सांगतो. तिने स्क्रू आवळला आणि आत वाकून पाहिलं. काटा उजवीकडे गेला होता. इंजिनाचा आवाज भरून आला.

"आता इथे काही लावशील?"

"नाही."

"कधीच?"

"थोडं ग्रीस..." तिने कानस वर केली. "नाही. काही नाही."

ती टोपल्यांकडे गेली, दोन उचलल्या आणि आत येऊन बसली. एक मांडीवर ठेवली, एक नव्या पांढऱ्या सीटवर. वाटेत पंखा चालू होता, रेडिओही चालू होता, ती मोठ्याने गात होती. ओस्कोडाला पोचेपर्यंत सीटवर तळहाताएवढा लाल डाग पडला. बहिणीच्या घरासमोर डुएनने हॉर्न वाजवला. दोघी बहिणींना घेऊन त्याने तळ्याकाठच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, दिवसाढवळ्या दिवे लावून, कारण आता लावता येत होते.

दंतवैद्याला त्याने नकार कळवला. ऑगस्टच्या प्रदर्शनात परीक्षकाने विजेरी घेऊन रेग्युलेटरचा कान पाहिला, मग सीट पाहिली आणि साडेपाच गुण कापले. डुएनला नऊ वर्षांत पहिल्यांदा दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्या गाडीला मिळाला ती हिरवळीवरून ढकलत आणली होती. डाग काढायचं औषध मिळतं असं परीक्षक त्याला सांगत होता, तेव्हा डुएन म्हणाला, "माहितीये," आणि ट्रेलर आणलाच नसल्यामुळे गाडी चालवत घरी गेला. शेजारच्या सीटवर मार्लीन होती.

स्ट्रॉबेरीची टोपली चार डॉलरला होती. दोघांकडे कार्डं होती, रोख पैसे नव्हते. मार्लीनने नाव आणि फोन नंबर लिहून चिठ्ठी पेटीत टाकली. त्या शेतकऱ्याचे आठ डॉलर अजून द्यायचे आहेत.