अख्ख्या पानाचं तेल

आमच्या केंटकीतल्या शाळेची बस व्हर्लिन स्टिडम एकवीस वर्षं चालवत होता. गुडघा फारच दुखायला लागला, तेव्हा तो दुखण्यावरचं, भांगेच्या जातीच्या झाडाचं सीबीडी तेल घ्यायला गेला. दुकानदारीण म्हणाली, "काका, तुम्हा बसवाल्यांची नशेसाठी लघवी तपासतात ना? मग हे निव्वळ सीबीडीचं न्या. अख्ख्या पानाच्या तेलात नशेचा अंश राहतो."

"अगं, आम्ही पिढीजात तंबाखू पिकवणारे! पानातून काही काढलं की उरतो तो चोथा. चोथा विकतेस होय मला?" असं म्हणत त्याने अख्ख्या पानाचंच उचललं.

महिन्याभरात तपासणीत तो अंश सापडला. शाळेचा कारकून म्हणून बडतर्फीचं पत्र मीच त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "गुडघा मात्र थांबला रे दुखायचा. आता ब्रेक दाबायला बसच नाही."