नायगाव–नांदेड–लातूर: एक जार पाणी आणि दोन बायोडाटा

पुण्यातल्या ज्या साइटवर मी सिव्हिल इंजिनिअर होते ती दिवाळीनंतर बंद पडली आणि मी बॅग भरून नायगावला घरी आले. तेव्हापासून अप्पा, माझे वडील, मला नोकरीबद्दल काहीही विचारत नाहीत. विचारत नाहीत, हेच जास्त टोचतं. घरातली मी पहिली इंजिनिअर. गल्लीत कोणी जयभीम घातला की त्यामागून ‘पोरगी कवा चालली पुण्याला?’ येतंच आणि अप्पा हवेकडे बघत ‘जाईल की’ म्हणतात.

अशात कॉलेजच्या ग्रुपवर नांदेडच्या माजी विद्यार्थी मेळाव्याची घोषणा झाली. शिवाय लातूरच्या बालाजीदादाचा मेसेज आला. हा मला दोन वर्षं सीनियर, ग्रुपवर नावापुढे ‘प्रोजेक्ट हेड’. ‘मेळाव्याला जमणार नाही. रविवारी लातूरला घरी ये, मला तुझ्याशी बोलायचंच होतं.’ मी त्याचा अर्थ सरळ मुलाखत असा लावला आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली.

शनिवारी सकाळी एसटीनं नांदेड. उन्हाळ्यात जाणार असाल तर पहिली गाडी धरा, दहानंतर खिडकीतून भट्टीचा वारा येतो. उतरल्यावर गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवले. मुलाखतीच्या धास्तीतही ती गरम डाळ खाली उतरली, यातच तिची चव आली.

मेळाव्यात माणिकदादा, म्हणजे आमचा ग्रुप अॅडमिन, भर उन्हाळ्यात कोट घालून माइकवर उभा. आमच्याकडची रीत अशी की प्रत्येकानं उठायचं, नाव, बॅच आणि पोस्ट सांगायची, मग टाळ्या. माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, “ही आपली पुण्याची साइट इंजिनिअर.” ग्रुपवर मी तसंच लिहिलं होतं, नंतर बदललं नव्हतं. खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. टाळ्या पडल्या आणि मी घाम पुसत बसले.

नंतर तो कापडी पिशवी घेऊन ज्युनियर्सचे बायोडाटा गोळा करत फिरला. गर्दीत मीही माझा हळूच आत सरकवला. त्यानं पाहिलं. “मी बघतो. आपली माणसं हायत सगळीकडं,” एवढंच म्हणाला.

रात्री मैत्रिणीकडे, शीतलकडे मुक्काम. सकाळी मी बालाजीदादासाठी पेढे घ्यायला निघाले तर तिनं अडवलं. “पेढे काय करतीस? लातूरला लोकं पाव्हण्याच्या हाताकडं बघून राहिले. पाणी ने.” यंदाच्या दुष्काळात तिथं रेल्वेनं पाणी येतंय, हे पेपरात वाचलं होतं, पण पाव्हण्यानं जार घेऊन जायची रीत पडलीय, हे तेव्हा कळलं. ऑटोवाल्यानं जार उचलून दिला. लगेजचं तिकीट पडेल म्हणून मी पर्स काढली, तर कंडक्टर म्हणाला, “पाण्याचं काय तिकीट फाडू, ताई? ठिवा सीटखाली.”

लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. दोन्हीकडे रानं उघडी पडलेली. अहमदपूरला चढलेले एक काका शेजारच्याला सांगत होते, “उदगीर जिल्हा झाला की बघा. कलेक्टर हापीस, कोर्ट, साहेबांचे बंगले. इंजिनिअर लई लागतील.” मी मनातल्या मनात पाया खणायला घेतला. शेजारचा म्हणाला, “अन् बांधकामाला पाणी कुठून आणता?” काकांनी पेपर उघडला. मी खणलेला पाया बुजवून टाकला.

बालाजीदादानं रविवारी दुपारीही इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनींनी आधी जारला हात लावला, मग मला. पाणी अर्धाच पेला आलं. लातूरला गेलात तर उरवू नका आणि परत मागूही नका. मी बॅगेतून फाइल काढणार, तोच दादानं टीपॉयवरची त्याची फाइल माझ्यापुढे सरकवली.

“बघ जरा. तुझ्या कंपनीत काही जमतं का.”

मी ती उघडली. त्याचा बायोडाटा होता. मी माझी फाइल काढून त्याच्या फाइलशेजारी ठेवली. त्यानं ती चाळली आणि खुर्चीत मागे टेकला.

“म्हणजे तुझं बी?”

“दिवाळीपासून.”

“आमच्या बिल्डरच्या साइटी बंद हायत. काँक्रीट भिजवून क्युरिंग करायला पाणी न्हाई, स्लॅब कशाच्या जिवावर टाकायचा? घरी बसून टँकरचा नंबर लावून राहिलो.”

आधी हसल्या त्या वहिनी. “आता कोणी कोणाची मुलाखत घ्यायची, ते ठरवा. मी चहा टाकते.”

आम्हीही हसलो, पण मला आतून रडू येत होतं. अप्पांना काय सांगू, एवढंच डोक्यात. चहा पिताना दादा म्हणाला, “ग्रुपवर टाकू या. हाय ते. नोकरी न्हाई, काम शोधून राहिलोय, म्हणून.” मी नको म्हटलं. तो म्हणाला, “मग अजून कोणीतरी पाण्याचा जार घेऊन माझ्या दारात येईल.” त्यानं टाकलं. पाठोपाठ मीही, डोळे मिटून.

परतीच्या गाडीत मोबाइल उघडायची हिंमत होईना. उघडला तर बॅचच्या काहींनी ‘मी पण’ लिहिलं होतं. नोकरी कोणीच देऊ केली नव्हती.

घरी पोचले. अप्पांनी यावेळी विचारलंच आणि मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, तोवर माणिकदादाचा फोन आला. आवाज मेळाव्यातला नव्हता.

“तुमचे बायोडाटा पिशवीतच हायत,” तो म्हणाला. “पाठवू कुठं? माझीच नोकरी जाऊन लई दिवस झाले. घरात बी सांगितलं न्हाई अजून.” मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. “तुम्ही दोघांनी टाकलं ना ग्रुपवर. हसलं का गं कोणी?”

“न्हाई, दादा. कोणीच न्हाई हसलं.”

“खरं?”

“खरं.”

“आधी घरात सांगतो मग,” म्हणाला आणि फोन ठेवला.

“कॉलेजातला साहेब का?” अप्पांनी विचारलं. “नोकरी देतो म्हणला?”

“न्हाई, अप्पा. धीर मागत होता.”

“मग?”

“होता तेवढा दिला.”