खोक्यातलं घर

आईच्या वाढदिवसाला वहिनीने बुटांच्या खोक्यात आमचं घर उभं केलं होतं. आइस्क्रीमच्या काड्यांचा झोपाळा, काडेपेट्यांचं कपाट, जुन्या साडीचे पडदे आणि मातीची आम्ही चौघं: आई, दादा, वहिनी, मी.

आई कितीतरी वेळ कौतुकाने बघत राहिली. मग ओट्यापाशी उभी असलेली वहिनीची बाहुली तिने नखाने उचकटून काढली.

“आता कसं आपलं घर वाटतंय!”

दादा हसला.

माणसाला घराबाहेर काढायला आरडाओरडा लागतोच असं नाही. केक खाता खाता, हसतखेळतही ते होऊन जातं.

“आई, तिथे डिंकाचा डाग राहिलाय,” वहिनी म्हणाली आणि तो दिसू नये म्हणून तिने त्यावर इवलासा हंडा चिकटवला.