राखेचा कोबा

गोठ्याच्या नव्या कोब्यात मी राख घालणार म्हटल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाची तरी तिरडी बांधायला निघालेय. मी बारामतीत काँक्रीटच्या प्लांटवर इंजिनिअर आहे. वडगाव निंबाळकरात मात्र माझी पदवी उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी राहते.

जुना कोबा मूत्रानं खाल्ला होता, खडी उघडी पडली होती आणि त्यावर आमची गाभण गाय घसरली होती. तेव्हापासून तिचा मागचा पाय लटपटायचा. पुन्हा पडली तर उठायची नाही, असं डॉक्टर सांगून गेले. आबा गोठ्यातच बाज टाकून झोपू लागले. पोटच्या पोराला ताप होता तेव्हा हाच माणूस घोरत होता, हे सासूबाईंनी मला मुद्दाम सांगितलं.

साखर कारखान्यात उसाचं चिपाड जळतं, त्याची राख बारीक दळून थोड्या सिमेंटऐवजी घालायची. ती सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी जुळते, बारीक छिद्रं बुजवते, मग मूत्र आत शिरत नाही. पण हे जुळणं आमच्याकडच्या सोयरिकीसारखं असतं. ठरता ठरत नाही, आणि ठरलं की तुटत नाही. आबांचं म्हणणं एवढंच, की राखेनं भांडी घासतात.

आठ दिवस आधी येतो म्हणालेला गवंडी थेट वसुबारसेच्या सकाळी उगवला. कोबा दुपारच्या आत झाला. आठवडाभर गाय चिंचेखालीच बांधा, असं मी आबांना बजावलं आणि गवारी निवडायला आत गेले.

सकाळचा कोबा सांजेला पाय ठेवण्याजोगा होतो, हे आबांनी जन्मभर पाहिलेलं. राखेचा कोबा सावकाश आवळतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना वसुबारसेची पूजा नव्या गोठ्यातच व्हायला हवी होती. मी ताट घेऊन आले तर गाय आत उभी, आणि दारापासून गव्हाणीपर्यंत खुरांचे खोल ठसे. माझं डोकंच फिरलं. अंगणात हत्यारं धूत बसलेला गवंडी थापी घेऊन धावला. आबा दारात आडवे आले.

"थापी फिरवायची न्हाय. लक्षुमीची पावलं हायती ती. कुणी पुसतं व्हय?"

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कोब्यावर ओली पोती मात्र रोज टाकली. राग माणसावर होता, काँक्रीटवर नाही. पुढं आबा मोरगावला गेल्याचं पाहून ठसे तासून काढायला गवंड्याला बोलावलं. छिन्नीचं तोंड वाकडं झालं, कोब्याचा टवका निघेना. मला संताप आला आणि अभिमानही वाटला.

थंडीत गाय व्याली. खाली सगळं ओलं, निसरडं. ती उठू लागली तसा तिचा तो पाय मागं सरकला. मीही देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही. सरकता सरकता खूर एका ठशात जाऊन अडकला. गायीनं जोर लावला आणि ती उभी राहिली.

आबांनी टॉवेलनं डोळे पुसले, त्याच टॉवेलनं वासरू पुसलं.

"पोरी, फुडच्या साली म्हशींचा कोबा करू. राख जरा जास्तीच घाल."

घालते म्हटलं, पण मुहूर्त मी काढणार.